नकटी आणि अडतीस वारुळं

नोकरी लागल्यापासून फगनी सोनवाने रोज सकाळी घरातून निघताना गळ्यातलं मंगळसूत्र काढून खुंटीला अडकवायची. कानातलं आणि नाकातली फुली शेजारच्या डबीत. मग पडवीत बसलेली तिची सासू जनकुबाई एकही दिवस न चुकता म्हणायची, "निंघाली व बाई, नवरा खुटीले टांगून!"

खरा नवरा रतिराम तोवर पहिल्या पाळीला गेलेला असायचा. डोंगरखेड्याच्या सोन्याच्या खाणीत माणसं खाली-वर नेणारा पाळणा तो चालवायचा. फगनीही त्याच खाणीत कामाला होती, पण उजेडात, जमिनीवर. तिच्याकडे नकटी होती.

नकटी हे यंत्राचं नाव. कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं, पण फगनीच्या टोलीतल्या, म्हणजे नदीची वाळू धुऊन सोनं काढणाऱ्या सोनझाऱ्यांच्या वस्तीतल्या, बायांनी त्या पांढऱ्या डब्याचं बसकं नाकाड पाहून पहिल्याच दिवशी बारसं उरकलं, आणि वर्षभरात हेड ऑफिसचे साहेबलोकही बैठकीत गंभीर चेहऱ्यानं 'नकटीचा अहवाल' म्हणू लागले. नाव नकटी, पण नाक असं की उभ्या विदर्भात तोड नाही. सोमवारी एखादा सोनार पायवाटेवर शिंकला, तर गुरुवारी नकटीला त्याचा वास येतो, असं लोक सांगत. सोनाराचं सोडून द्या, पण ती वाहणाऱ्या माणसाच्या अंगावर सोन्याची तारसुद्धा चालत नव्हती, हे खरं.

तिच्या पोटात जंतू होते. आपल्याला सोनं कितीही प्यारं असलं तरी बारक्या जिवांना ते विष. काही जंतूंनी त्यासाठी एक राखणदार बाळगलेला असतो. विरघळलेल्या सोन्याचा एखादा अणू आत शिरला की हा राखणदार त्याला धरतो आणि घरात हाकाटी करतो. प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्याला एवढंच शिकवलं, की बाबा, हाकाटीबरोबर जरा निळा दिवाही लाव. चिमूटभर माती, चमचाभर पाणी, दहा मिनिटं थांबायचं. टनभर मातीत एक मिलिग्रॅम सोनं असलं तरी नकटीची काच निळी व्हायची.

माती मात्र कुठलीही चालत नसे. वरची माती वाहून आलेली, नांगरानं उलटलेली, तिचा काय भरवसा? खालची हवी. आणि त्या रानात खालची माती वर आणायचं काम उधई, म्हणजे वाळवी, करते. पाण्याच्या ओढीनं ती पंचवीस-तीस मीटर उतरते आणि तोंडात एकेक कण धरून वर येते. प्रत्येक वारूळ म्हणजे फुकटात मारलेला बोअरच. फगनीनं तीन महिन्यांत सहाशे वारुळांची माती नकटीला हुंगवली. एकेचाळीस निळी झाली.

गरज खाणीला होती. सोनं ज्या गारगोटीच्या शिरेत होतं, ती शीर तळाशी जाऊन सुरीनं कापावी तशी तुटली होती. नवी सापडली नाही तर दिवाळीला खाणीचं तोंड बंद. चारशे माणसं घरी बसणार, त्यात रतिराम आणि फगनी दोघंही. शोधासाठी हेड ऑफिसनं शेवटचे सहा बोअर मंजूर केले होते. सातवा मिळणार नाही, हे लेखी कळवलं होतं.

"फगनीबाई, या बघू इकडे," पांढरीपांडे मॅडम म्हणाल्या. चारुलता पांढरीपांडे म्हणजे खाणीच्या मुख्य भूगर्भतज्ज्ञ. बावन्न वर्षांच्या, मूळच्या नागपूरच्या महाल भागातल्या, उन्हानं रापलेल्या आणि जिभेला धार असलेल्या. त्यांनी टेबलावरचा नकाशा तिच्याकडे वळवला. "काय दिसून राहिलं?"

"आमची टोली."

"आणि टोलीच्या भोवती?"

"निळं."

"निळं आणि गोल! तीस वर्षं झाली मला दगड फोडता फोडता. शीर लांब असते, वाकडी असते, मधेच तुटते. बांगडीसारखी गोल शीर मी बापजन्मात पाहिली नाही."

भिंतीवरच्या पडद्यात हेड ऑफिसचे साहेब होते. ते हसले. "मॅडम, यंत्र सत्त्याण्णव टक्के खात्री देतंय. तुम्हाला काय हवंय, कुंडली? सहाही बोअर टोलीत मारा. सापडलं की टोली उठवू, पलीकडे पक्की घरं देऊ."

"साहेब, शोध म्हणजे निम्मं काम खोडायचं असतं. काय खोटं आहे ते आधी कळू द्या, मग खरं आपोआप उरतं."

"खोडा की. पुढच्या सोमवारपर्यंत वेळ आहे."

फगनी नकाशाकडे बघत उभी होती. तिला कडं गोल का होतं ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाच दिवसांची बाळंतीण जाऊन जाऊन किती लांब जाईल? लेकराची दुधाची वेळ व्हायच्या आत परत येता येईल, तेवढीच.

तिच्या टोलीत एक रीत होती; त्या एका टोलीबाहेर ती कुणाला माहीत नव्हती, आणि टोलीतल्या पुरुषांनाही नाही. घरात मूल झालं की नदीच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्याचा एक कण, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा, पाचवीच्या दिवशी आईनं एखाद्या वारुळाच्या तोंडात सोडायचा. सोडताना लेकराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "तुझं तुले, आमचं आमाले." भुईनं आपला कण घ्यावा आणि लेकराला हात लावू नये, असा करार. कुठल्या लेकराचं कुठलं वारूळ, ते बायाच जाणत. बाहेरच्याला सांगितलं तर करार मोडतो आणि लेकरावरचं भुईचं अभय जातं. बाप-आजा-पणजा अशा किती पिढ्यांचे दाणे त्या वारुळांत होते कोण जाणे. नकटी खोटं बोलत नव्हती. सोनं होतंच, फक्त ते भुईनं दिलेलं नव्हतं, भुईला दिलेलं होतं.

तीन महिने फगनी गप्प राहिली होती. आपल्या दोन पोरांच्या वारुळावर काच निळी झाली तेव्हाही. तिला वाटलं होतं, इतकं हुशार यंत्र, त्याचं त्याला कळेल.

घरी जनकुबाई सुपात मोहफुलं निवडत होती. फगनी समोर बसली आणि सगळं सांगून टाकलं.

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "मंग? मारू दे का बोअर. पाचपन्नास घरं पक्की होतीन. सुगरताबाई तर आतापासून नळाखाली आंग धुवाची सपनं पाहून रायली."

"आत्याबाई, इथं खाली काईच नाई. सहा बोअर वाया गेले की खान बंद. मंग ना पक्की घरं, ना नळ, ना तुमच्या पोराची नौकरी."

"तर सांग त्या मॅडमले, की गोठीत दम नाई म्हनून."

"तशी नाई आयकत थे. कोनतं वारूळ आपलं, कोनतं भुईचं, हे एकेक करून सांगा लागन. एकेचाळीसातून आपले गेले की जे उरन, थे खरं."

जनकुबाईनं सूप खाली ठेवलं. टोलीची शेवटची सुईण तीच. अडतीस वारुळं आणि त्यांच्यातली माणसं तिला पाठ होती, आणि सांगायचं की नाही हे ठरवायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. तिनं दारातून आत येऊ बघणारी कोंबडी हाकलली.

"बाहेरच्याले सांगता नाई येत," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मंग तिले आतली करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरुष कामावर गेल्यावर, फगनीच्या बोलावण्यावरून मॅडम टोलीत आल्या तेव्हा त्यांना पाटावर बसवण्यात आलं. हळद लावली. बावन्न वर्षांच्या बाईच्या टाळूवर तेल थापलं आणि सात-आठ बायांनी पाचवीची गाणी म्हटली. सुगरताबाईनं तर काळी तीट लावून कडाकडा बोटं मोडली.

"आजी, हे किती वेळ चालणार आहे?" मॅडमनी विचारलं.

"चूप रायजो. पाच दिसाचं लेकरू बोलते का?"

फगनीनं पहाटे नदीवर जाऊन, लाकडी पाटीत वाळू धुऊन एक कण काढून आणला होता. तो तिनं मॅडमच्या तळहातावर ठेवला आणि वारुळाकडे बोट केलं. तेव्हा मात्र मॅडमचा चेहरा पडला.

"फगनीबाई, हे मला नाही जमणार. जिथून नमुना घ्यायचा तिथं बाहेरून सोनं टाकणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. याच्यापायी लोक जेलमध्ये गेलेत!"

"मंग ऱ्हाऊ द्या," जनकुबाई म्हणाली. "बाहेरचीच ऱ्हाय."

मॅडमनी वहीत तारीख, वेळ, वारुळाचा क्रमांक लिहिला. पुढे लिहिलं, 'या वारुळात मी स्वतः अंदाजे दहा मिलिग्रॅम सोनं टाकत आहे.' खाली सही केली. मग कण सोडला आणि फगनीनं सांगितलं तसं आपलं नाव घेऊन म्हणाल्या, "तुझं तुले, माझं मले." उधईनं कण घेतला की नाही ते दिसलं नाही, पण जनकुबाईनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आता लिव्ह पोरी. पयलं वारूळ पाटलाच्या बांधावरचं."

दुपार कलेपर्यंत अडतीस झाली. मॅडम एकेक निळा ठिपका खोडत गेल्या आणि बांगडी कुठं तुटत, कुठं विरत नाहीशी झाली. नकाशावर तीन ठिपके उरले. दोन जवळजवळ, खाणीकडच्या माळावर. तिसरा बराच लांब, दगडी नाल्याच्या काठी. मॅडमनी पट्टी ठेवली. तिन्हींमधून जाणारी रेषा जराशी कलती, पण रेषाच.

"आता कशी शीर वाटते!" त्या म्हणाल्या आणि हळदीच्या हातानंच पेन्सिल उचलली.

मॅडमनी 'या वारुळांत बाहेरचं सोनं आहे' एवढंच कळवलं, तेव्हा साहेबांनी कुरकुर केली. पण पाच बोअर या रेषेवर आणि सहावा टोलीत, अशी तडजोड झाली.

पाचही बोअर मुनिस्वामीनं मारले. कोलारच्या सोन्याच्या खाणींतून आलेला हा ड्रिलर साठीचा होता. दगडाचा गाभा नळीतून बाहेर आला की तो आधी जिभेनं चाखायचा, मग बोलायचा. पहिल्या बोअरला तो म्हणाला, "कडू." दुसऱ्याला नुसतीच मान हलवली. तिसऱ्या-चौथ्यात पांढरी गारगोटी निघाली, दिसायला झकास, आत काही नाही. पाचवा अडीचशे मीटर गेला आणि मुनिस्वामीनं गाभ्याचा तुकडा मॅडमच्या हातात देऊन सांगितलं, "अम्मा, याचा पाटा-वरवंटा चांगला होईल."

त्याच आठवड्यात खाणीच्या फाटकावर बंदची नोटीस लागली. रतिरामनं ती वाचली, घरी आला आणि जेवायला बसला.

"सहावा टोलीत मारून रायले उद्या परवा," तो म्हणाला. "मले तं वाटते मारूच नये. कायले घरं हलवता?"

"तुमाले कोनी इचारलं?" फगनी म्हणाली.

"मले कोन इचारते? घरात माय, खानीत मॅडम, मधात तू. मी आपला पायना वरखाली करतो." तो हात धुवायला उठला.

जनकुबाई कोपऱ्यात भात कालवत होती. तिनं विचारलं, "कुठं कुठं मारले व बोअर? काई निंघालं काहून नाई?"

"माळावरच्या दोन वारुळांपासून दगडी नाल्याकडं. नाल्याकाठचं जे मोठं वारूळ हाय ना, पळसाखालचं, तिथवर लाईन धरली."

म्हातारीचा हात ताटात राहिला.

"तिथं काय शोधून रायले?" ती म्हणाली. "थे तं तुझं हाय."

"माझं? माह्या दोनी पोरांचं तं कुंपनापाशी हाय. तुमीच नेलं होतं मले."

"त्याईच्या आंधीची."

रतिराम बाहेर चूळ भरत होता. चोवीस वर्षांपूर्वी फगनीला पहिली मुलगी झाली होती आणि दोन दिवसांत, नाव ठेवायच्या आधीच, गेली होती. पाचवी न गाठलेल्या लेकराला दाणा देत नसत. भुईशी करार करायला लेकरू हातात असावं लागतं. टोलीत त्या मुलीचा विषय नंतर कुणी काढला नाही. फगनीनंही नाही.

"रीत नव्हती," जनकुबाई ताटाकडे बघत म्हणाली. "म्या सुईन, माह्याच हातून... तिसऱ्या दिशी मीच गेली नाल्यावर. एकटी. साऱ्या बाया जातेत त्याच्या उलट्या दिशेनं काहून गेली, तं कोनाले दिसू नये म्हनून. भुईले म्हटलं, घेतलं तं घेतलं तुनं, आता निदान ध्यानात ठेव. मॅडमले सांगताना तोंडावर आलतं. लाज वाटली."

रतिराम अजून बाहेरच आहे, याची फगनीनं खात्री केली. मग ती म्हणाली, "दाना टाकताना नाव घ्या लागते. नावाबिगर भुई घेत नाई."

"हो."

"मंग?"

म्हातारी सरकत तिच्याजवळ आली आणि तिच्या कानात एक शब्द बोलली. फगनीनं तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग पदर खोचला आणि भर उन्हात खाणीकडे चालायला लागली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि तिसरा ठिपका खोडला. रेषा आजवर त्या लांबच्या ठिपक्याच्या ओढीनं कलली होती. आता उरलेल्या दोन्हींवर पट्टी ठेवली तर ती दुसरीकडेच वळली: माळ ओलांडून, खाणीच्या कुंपणातून आत शिरली आणि थेट कँटीनच्या स्वयंपाकघराखालून गेली.

"अगं आई गं!" मॅडम म्हणाल्या. "तीस वर्षं आम्ही जगभर शोधून राहिलो आणि वर बसून पोहे खाऊन राहिलो."

पण पडद्यावरचे साहेब ऐकेनात. "मॅडम, दोन ठिपक्यांतून तर कोणतीही रेषा जाते. यंत्राची सत्त्याण्णव टक्के टोली एकीकडे, आणि एका म्हातारीची आठवण दुसरीकडे. तिसऱ्या वारुळात बाहेरचा कण आहे हे सिद्ध करा. वारूळ उकरा, माती धुवा, कण दाखवा. एका दिवसाचं काम आहे."

बरोबर होतं ते. मॅडमच्या जागी कुणीही हेच मागितलं असतं, आणि शास्त्राच्या हिशोबानं मागायलाच हवं होतं. त्यांनी फगनीकडे पाहिलं.

"उकरायचं नाई," फगनी म्हणाली.

"फगनीबाई, खाण वाचायची असेल तर—"

"माह्या हातानं कोनतीबी माती आणून देतो. थे नाई. बंद होऊ द्या खान."

मॅडमनी आपली वही काढली, स्वतःच्या सहीचं पान उघडून पडद्यासमोर धरलं. "साहेब, हे वाचा. त्या टोलीत एक वारूळ माझंही आहे, त्यात मी माझ्या हातानं कण टाकलाय. तिथं उद्या कुणी पुरावा म्हणून फावडं घेऊन आलं तर मीही नाही म्हणेन. सहावा बोअर कँटीनच्या मागे मारते. चुकला तर माझा राजीनामा त्याच दिवशी घ्या. एवीतेवी दिवाळीला सगळेच घरी जाणार आहोत."

"तुमच्या जबाबदारीवर," साहेब म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

सहावा बोअर नऊ दिवस चालला. कँटीनवाल्यानं धुळीपायी वरणाच्या पातेल्यावर तीन-तीन झाकणं घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या दिल्या. एकशे ऐंशी मीटरला काही नाही, दोनशेला काही नाही. रतिराम पाळी संपली की येऊन मुनिस्वामीच्या मागे उभा राहायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, मी सहज आलो. दोनशे अकराव्या मीटरला गाभा काळपट निघाला, धुरकट गारगोटी, मधे करड्या धातूच्या बारीक रेघा. मुनिस्वामीनं चाखला. पुन्हा चाखला. मग तो खाली बसला आणि त्यानं टोपी काढली.

प्रयोगशाळेचा आकडा आठवड्यानं आला. टनाला सव्वासहा ग्रॅम, जाडी दोन मीटरच्या वर. फार मोठं घबाड नव्हे. पण खाण दहा-बारा वर्षं चालेल एवढं नक्की. फाटकावरची नोटीस रतिरामनंच फाडली. कँटीन पाडून पलीकडे बांधलं, आणि कँटीनवाला अजून म्हणतो की जुन्या जागेवरच्या वरणाला जी चव होती ती आता नाही, कारण ती सोन्याची चव होती.

टोली हलली नाही. त्यामुळे सुगरताबाईचा नळ गेला, आणि ती व तिची जाऊ अशा दोघी फगनीशी वर्षभर बोलल्या नाहीत. हेड ऑफिसनं नवा नियम काढला, की यंत्राचा अहवाल आला की आधी गावातल्या म्हाताऱ्या बायांना दाखवायचा. तो नियम इंग्रजीत आहे आणि चांगला दीड पानाचा आहे.

अंतिम अहवाल लिहिताना मॅडमनी फगनीला बोलावून घेतलं. नव्या शिरेला नाव द्यायची खाणीत पद्धत होती. जुन्या शिरा साहेबांच्या बायकामुलींच्या नावानं होत्या. रकाना कोरा ठेवून मॅडम पेन्सिल हातात घेऊन बसल्या होत्या.

"हिचं नाव तुम्ही सांगा, फगनीबाई. तुमचाच हक्क आहे. एखादं नाव असेल तर..." आणि त्या थांबल्या.

फगनीनं खिडकीतून माळाकडे पाहिलं. नाव होतं. ते आता दोन बायांना ठाऊक होतं आणि तिसऱ्या भुईला.

"नाई मॅडम," ती म्हणाली. "नंबरच टाका."

मॅडमनी रकान्यात 'सात-ब' लिहिलं आणि पान उलटलं.